ॲपने दाखवलेले वॅट : पाम बीच रोडवर किती खरे, येऊरच्या चढावर किती खरे?

खाडीपूल | शनिवार, रात्री ९:१२

आमच्या सायकलिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली राइड संपली की वेगाच्या आधी वॅट (पेडलवर लावलेली ताकद) टाकले जातात. ती ताकद प्रत्यक्ष मोजणारं पॉवर मीटर ग्रुपमधल्या एक-दोघांकडेच आहे, बाकी सगळ्यांचे आकडे ॲपने अंदाजाने काढलेले. त्यावरून कोण तगडा हे ठरवायचं, इथवर ठीक. पण आता नवीन मुलं त्याच आकड्यांवरून एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी जास्तीत जास्त ताकद) काढतात, एफटीपीवरून ट्रेनिंगचे झोन, म्हणजे जोराचे टप्पे ठरवतात आणि झोनवरून आठवड्याचं वेळापत्रक. पाया कच्चा आणि वर मजले चढताहेत, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ॲपचं गणित चुकीचं नाही, चढावर ते चांगलं चालतं. मुंबईच्या सपाट रस्त्यांवर मात्र त्याला सगळ्यात महत्त्वाची गोष्टच कळत नाही, ती म्हणजे वारा.

सायकल पुढे न्यायला ताकद कुठे लागते? टायर आणि रस्त्याचं घर्षण, हवेचा अडथळा, चढ असेल तर सगळं वजन वर उचलणं, आणि वेग वाढवताना लागणारा जोर. स्ट्रावासारखं ॲप या चारांची बेरीज करतं. त्याच्या हातात असतं काय, तर तुमचं वजन, सायकलचं वजन, जीपीएसचा वेग आणि रस्त्याची उंची. वारा शून्य धरलेला असतो. तुम्ही ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळणावर) वाकलात की ताठ बसून बोलत चाललात, हे त्याला दिसत नाही. पुढे कुणाच्या चाकामागे लागलात का, हेही दिसत नाही.

आता आकडे. सायकलसकट वजन ८५ किलो, बऱ्यापैकी रोड टायर, हात हुड्सवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर (सीडीए, म्हणजे शरीर हवेला किती अडतं त्याचा आकडा, ०.३५), मुंबईची दमट गरम हवा म्हणून हवेची घनता १.१५, आणि वेग ताशी ३० किमी. वारा नसेल तर लागतात साधारण १५६ वॅट. यातले जवळजवळ तीन चतुर्थांश निव्वळ हवा कापण्यात जातात. आता त्याच वेगाने जाताना समोरून ताशी १० किमीचा वारा आला तर लागतात २४९. तोच वारा पाठीमागून आला तर ८९. ॲप मात्र तिन्ही वेळा १५६ च सांगणार, कारण त्याच्या लेखी वेग तोच आहे.

ताशी १० किमी म्हणजे काही वादळ नव्हे. वाशीहून पाम बीच रोडने बेलापूरकडे जाताना खाडीच्या बाजूला एवढा वारा कुठल्याही दुपारी असतो.

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांनी जरूर लिहा.

येऊरकर_अनघा | शनिवार, रात्री १०:०५

माझ्याकडे पेडलमध्ये बसणारं मीटर आहे, दोन्ही बाजूंचं. दादा, तुम्ही म्हणता तसंच दिसतं. ठाण्यात येऊरच्या गेटपासून वर जाताना ॲपचा अंदाज आणि पेडलचा आकडा इतके जवळ येतात की मला सुरुवातीला खरं वाटेना. तिथून उतरून घोडबंदर रोडला लागले की दोघांचं काही नातंच उरत नाही. पाठीमागून ट्रक गेले की त्यांनी ढकललेली हवा तुम्हालाही थोडं पुढे ओढते, पायावरचा जोर कमी होतो, पेडलचा आकडा पडतो. आणि अंदाजाचा आकडा त्याच क्षणी वर जातो, कारण वेग वाढला ना!

चढावर असं का होतं, तेही तुमच्याच उदाहरणातून लिहिते. तेच ८५ किलो, ६ टक्के चढ, वेग ताशी १२. एकूण १९४ वॅटच्या आसपास. त्यातला बहुतेक सगळा भाग वजन वर उचलण्यात जातो, हवेच्या वाट्याला जेमतेम सात-आठ वॅट. इथे ताशी १० किमीचा वारा समोरून आला तरी आकडा वाढतो साधारण अठराने. सपाटीवर तोच वारा नव्वदने वाढवत होता. वजन बरोबर भरलेलं असलं आणि चढ नीट मोजलेला असला की चढावर ॲपला फार चुकायला जागाच राहत नाही.

पण वजन म्हणजे सगळं वजन हं. दोन भरलेल्या बाटल्या, कुलूप, पंक्चरचं सामान, बूट, हेल्मेट. तीन किलो सहज होतात आणि त्या चढावर सहा-सात वॅट इकडचे तिकडे. प्रोफाइलमध्ये लग्नाआधीचं वजन ठेवणारे खूप आहेत.

डोंबिवली_फास्ट_पेडल | शनिवार, रात्री १०:४०

मला थोडं वेगळं वाटतं. आकडा खरा नसला तरी रोज सारखाच चुकत असेल तर काय बिघडलं? मला इतरांशी स्पर्धा करायची नाही. मागच्या महिन्यात १४०, या महिन्यात १५०, म्हणजे मी सुधारलो. मीटरची किंमत एका चांगल्या सायकलीएवढी आहे, सगळ्यांना कुठून परवडणार? आणि जाता-येता वारा एकमेकाला कापतोच की. जाताना समोर, येताना पाठीवर.

खाडीपूल | शनिवार, रात्री ११:२०

@डोंबिवली_फास्ट_पेडल, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रंजक निघालं. कागद घेऊन बसलो.

समजा तुम्ही खरोखर १५६ वॅटनेच पेडल मारताय. १० किमी समोरच्या वाऱ्यात, मग वळून १० किमी पाठवाऱ्यात. जाताना वेग पडेल साधारण ताशी २४.३ आणि येताना होईल ३६.४. ॲपला फक्त हे वेग दिसतात. त्यामुळे जातानाचे ते सांगेल ९३ वॅट आणि येतानाचे २५७! पाय तेच, जोर तोच. आता वेळेप्रमाणे सरासरी काढा. जायला पावणेपंचवीस मिनिटं, यायला साडेसोळा. सरासरी येते १५९ च्या आसपास. म्हणजे पूर्ण फेरीची सरासरी खऱ्याच्या अगदी जवळ.

तेव्हा तुमचा मुद्दा अर्धा मान्य. एकट्याने गेलात, त्याच रस्त्याने परत आलात, वारा बदलला नाही, बसण्याची पद्धत बदलली नाही, तर सरासरीवर थोडा भरवसा ठेवता येतो. पण एफटीपी काढायला लोक काय करतात? राइडमधली सगळ्यात चांगली वीस मिनिटं उचलतात. ती वीस मिनिटं कुठली असणार? पाठवाऱ्यातलीच. असा २५७ सारखा फुगलेला आकडा लोक एफटीपीच्या हिशेबात भरतात आणि मग इंटरव्हल (ठरलेल्या वॅटला जोरात मारायचे टप्पे) पूर्ण होत नाहीत म्हणून स्वतःला दोष देतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. मुलगा मन लावून मेहनत करत असतो आणि त्याच्यासमोर ठेवलेलं लक्ष्यच खोटं असतं.

आणि "वारा बदलला नाही" ही अट मुंबईत पाळली जात नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून हलका वारा असतो, दिवस वर आला की समुद्राकडून सुरू होतो. पहाटे निघून नऊ-दहाला परतलात तर दोन वेगळे वारे भेटलेले असतात. पावसाळ्यात तर नैऋत्येचा वारा दिवसभर. सायनहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्याकडे निघालात की तो पाठीवर, परतताना तोंडावर. ठाण्यापर्यंत जाऊन लोकलने परत येणाऱ्यांना जूनमध्ये एकदम ताकद वाढल्यासारखी वाटते ती यामुळेच.

एक_वाचक | शनिवार, रात्री ११:३१

वाचतोय. छान धागा.

भौतिकशास्त्र_वाले_काका | रविवार, सकाळी ६:५०

खाडीपूल यांचं गणित तपासलं, बरोबर आहे. एक पुस्ती जोडतो.

हे समीकरण कच्चं नाही हे लोकांना ठासून सांगायला हवं. १९९८ साली जेम्स मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गणित सायकलवर बसवलेल्या एसआरएम कंपनीच्या पॉवर मीटरशी ताडून पाहिलं होतं. अंदाज आणि मोजमाप यांत अगदी थोड्या वॅटचाच फरक निघाला. पण त्यांनी वारा जागेवर मोजला होता आणि स्वारांचा हवेतला अडथळा विंड टनेलमध्ये काढलेला होता. म्हणजे समीकरणाला जे जे लागतं ते सगळं त्यांनी मोजून दिलं. आपल्या फोनमधलं ॲप तेच समीकरण वापरतं आणि अर्ध्या गोष्टी गृहीत धरतं.

काही जण मग हवामानाच्या साइटवरून वारा घेऊन हिशेब सुधारायला बघतात. त्यातही अडचण आहे. कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांचा वारा उघड्या जागेत, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. सायकलस्वाराच्या छातीपाशी वारा त्याहून बराच कमी असतो, आणि नरिमन पॉइंटच्या इमारतींमधून तर तो कुठल्या कुठे वळतो. एकाच रस्त्यावर एका कोपऱ्याला समोरून, पुढच्या कोपऱ्याला बाजूने.

बाजूचा वारा फुकट असतो असाही समज आहे. तसं नाही. तिरक्या वाऱ्यानेही अडथळा वाढतो, आणि जाताना-येताना दोन्हीकडे वाढतो, त्यामुळे तो कापलाही जात नाही.

मुलुंड_चेकनाका | रविवार, सकाळी ९:१५

आत्ताच राइडवरून आलो. आम्ही आठ-दहा जण मिळून जातो. ड्राफ्टिंगचं, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने चालवण्याचं काय? खाडीपूल यांनी उल्लेख केला पण आकडा दिला नाही.

येऊरकर_अनघा | रविवार, सकाळी ९:४०

@मुलुंड_चेकनाका, ग्रुप राइडमध्ये पुढच्याच्या चाकामागे नीट बसलात तर हवेचा अडथळा ३० टक्क्यांनी सहज कमी होतो. वरच्याच उदाहरणात ताशी ३० ला १५६ ऐवजी १२० वॅट. ॲप तुम्हाला १५६ देणार. आणि हे वाऱ्यासारखं जाता-येता कापलं जात नाही, नेहमी तुमच्याच बाजूने वाढवून दाखवतं. रविवारी ग्रुपबरोबर आणि मंगळवारी एकटं, अशा दोन राइडची तुलना केली तर मंगळवारी आजारी असल्यासारखं वाटेल.

@डोंबिवली_फास्ट_पेडल, "रोज सारखंच चुकत असेल तर" या तुमच्या वाक्यातला "सारखंच" इथे मोडतो.

डोंबिवली_फास्ट_पेडल | रविवार, सकाळी १०:०२

पटलं. पण मग १४० चे १५० झाले याचा अर्थ काय घ्यायचा?

येऊरकर_अनघा | रविवार, सकाळी १०:२०

सपाटीवरच्या दहा वॅटचा अर्थ लावूच नका. त्याच चढावर, तेवढ्याच सामानासह, एकट्याने दहा वॅट वाढले असतील तर ते तुमचे.

वांद्रे_रेक्लमेशन | रविवार, दुपारी १२:३०

उंचीबद्दल कुणी बोललं नाही. चढ नीट मोजलेला असेल तरच चढावरचा अंदाज खरा, हे अनघाताईंनी लिहिलंय, पण नेमकी तिथेच खूप गडबड होते.

सायकल कॉम्प्युटरमध्ये हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर असतो, काही फोनमध्येही असतो. ज्यांच्यात नसतो त्यांना ॲप नकाशातली उंची लावतं. नकाशात उंची जमिनीची, पुलाची नव्हे. वाशीचा खाडीपूल घ्या. मानखुर्दकडून येताना पूल हळूहळू वर चढतो, पाय भरून येतात, मधोमध पोचल्यावर उतार लागतो. नकाशातल्या उंचीला खालचं पाणी दिसत असेल तर ॲपच्या मते तुम्ही सपाटीवरच आहात आणि उगाच हळू झालात. म्हणजे जिथे जोर सगळ्यात जास्त लागला तिथे सगळ्यात कमी वॅट! फ्लायओव्हरचंही तेच.

दाबाचा सेन्सर असला तरी पावसाळ्यात सांभाळा. सर येताना दाब बदलतो, आणि सेन्सरच्या भोकात पाणी गेलं तर उंची भलतीकडेच जाते.

छोट्या चढांचा तर भरवसाच नको. मलबार हिलचा चढ पन्नासेक मीटरचा. उंचीत पाच मीटरची चूक झाली की वॅटमध्ये जवळजवळ दहा टक्के गेले. तीच पाच मीटरची चूक खोपोलीहून खंडाळ्याला चढताना झाली तर टक्काभर, कारण तिथे उंचीच साडेचारशे मीटरच्या वर मिळते. तपासणी करायची तर बोरघाटासारख्या लांब चढावर करा.

नवा_सायकलवाला | रविवार, दुपारी २:१०

माझ्याकडे हायब्रिड आहे, रोज चेंबूर ते बीकेसी ऑफिसला जातो. मला एफटीपी वगैरे नको, कॅलरी हव्यात. वजन कमी करायचं आहे. ॲपच्या कॅलरी बरोबर असतात का?

खाडीपूल | रविवार, दुपारी ३:००

@नवा_सायकलवाला, पॉवर मीटर असेल तर कॅलरीचा हिशेब चांगला येतो. पेडलवर केलेलं काम किलोज्यूलमध्ये जितकं, साधारण तितक्याच किलोकॅलरी शरीराने जाळलेल्या असतात. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, आणि शरीर आपल्या इंधनातला २० ते २५ टक्केच भाग पेडलपर्यंत पोचवतं. दोन्ही आकडे एकमेकाला जवळपास भागतात. पण अंदाजाचे वॅट चुकले तर कॅलरीही त्याच प्रमाणात चुकणार.

तुमच्या रस्त्यावर दोन गोष्टी जास्त छळणार. हायब्रिडवर ताठ बसल्यामुळे हवेचा अडथळा वाढतो. सीडीए ०.३५ चा ०.४५ झाला तर ताशी ३० ला ३३ वॅट जास्त. तुमचा वेग कमी असेल, मग फरकही कमी, पण असतोच. ॲपमध्ये सायकलचा प्रकार आणि वजन भरता येतं, तिथे रोड बाइक ठेवलेली नाही ना ते आधी बघा.

दुसरं म्हणजे सिग्नल. ८५ किलोला शून्यापासून ताशी ३० पर्यंत न्यायला जवळपास तीन किलोज्यूल लागतात आणि ब्रेक मारला की ते सगळे वाया. तासाभरात वीस वेळा थांबून निघालात तर सरासरीत सतरा-एक वॅट नुसत्या या उठाबशांचे. ॲप वेगवाढीचा हिशेब करायचा प्रयत्न करतं, पण उंच इमारतींमध्ये जीपीएस उड्या मारतो आणि त्या उड्यांतून प्रत्येक सेकंदाची खरी वेगवाढ कशी ओळखणार? त्यात पेव्हर ब्लॉक आणि खड्डे. टायरचं घर्षण गुळगुळीत डांबरावरचं धरलेलं असतं, चेंबूर-कुर्ल्याच्या रस्त्यावरचं नाही.

ॲपच्या कॅलरी बघून संध्याकाळचा वडापाव ठरवू नका, एवढंच म्हणेन. रोज सायकलने जाताय हेच फार चांगलं आहे, ते चालू ठेवा.

घरातला_ट्रेनर | रविवार, संध्याकाळी ५:४५

पावसाळ्यात मी साध्या ट्रेनरवर (मागचं चाक रोलरवर टेकवून सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) झ्विफ्ट हे घरात सायकल चालवायचं ॲप वापरतो. तिथेही वॅट अंदाजाचेच, पण वारा नाही, चढ नाही, ड्राफ्टिंगचा पायावर काही परिणाम नाही. मागच्या चाकाचा वेग आणि त्या ट्रेनरचा वेग-वॅट आलेख, बस. माझ्या मते रस्त्यापेक्षा हे तुलनेला जास्त चांगलं. अट एकच : दर वेळी टायरमध्ये तेवढीच हवा आणि रोलरचा दाब तेवढाच. हवा कमी भरली किंवा रोलर जास्त घट्ट केला की त्याच वेगाला जोर जास्त लागतो आणि आकडा तोच राहतो. मी पंपाचा गेज बघितल्याशिवाय बसतच नाही, आणि दहा मिनिटं टायर गरम होऊ देतो.

तेव्हा डोंबिवलीकरांचं "सारखंच चुकणं" हवं असेल तर ते इथे मिळतं.

भौतिकशास्त्र_वाले_काका | रविवार, संध्याकाळी ६:३०

घरातला_ट्रेनर यांच्याशी सहमत. फक्त पंखा लावा. बंद खोलीत मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, तोच जोर ठेवला तरी हृदयाचे ठोके चढत जातात आणि वीस मिनिटांत आपल्याला वाटतं ताकद संपली.

मीटरही अगदी निर्दोष असतं असं कुणी समजू नये. चांगली मीटर एक-दोन टक्क्यांच्या आत असतात, पण राइडआधी झीरो ऑफसेट (पेडलवर जोर नसताना मीटर शून्यावर आणणं) करायला हवा, विशेषतः एसीच्या खोलीतून सायकल थेट बाहेरच्या उकाड्यात नेली असेल तर. आणि एकाच बाजूचं स्वस्त मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करतं. दोन्ही पाय सारखे चालत नसतील तर तीही एक अंदाजपंचे गोष्टच.

मुलुंड_चेकनाका | रविवार, रात्री ८:१५

मग मीटर नसलेल्याने करायचं काय? ट्रेनिंग सोडून द्यायचं?

येऊरकर_अनघा | रविवार, रात्री ८:५०

अजिबात नाही. मीटर घेण्याआधी मी जे करत होते ते सांगते. एक चढ निवडायचा, शक्य तेवढा लांब आणि एकसारखा. येऊर, कान्हेरीचा रस्ता, नाहीतर महिन्यातून एकदा घाट. वाहनं कमी असतील अशा पहाटे, एकट्याने, बाटल्या तेवढ्याच भरून चढायचा आणि खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंतचा वेळ लिहून ठेवायचा. वॅट लिहायचे नाहीत, वेळ लिहायचा. स्वतःचं त्या दिवशीचं वजनही बाजूला. वेळ कमी झाला आणि वजन तेच राहिलं तर ताकद वाढली, यात कुठलंच ॲप मध्ये येत नाही.

सपाटीवरच्या राइडला छातीचा हार्ट रेट पट्टा आणि आपला श्वास. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, तुटक बोलता येतंय का, की बोलताच येत नाही. उकाड्यात ठोके पाच-दहाने वर असणार हे धरून चालायचं.

आणि व्हॉट्सॲपवर टाकताना "अंदाजाचे" हा शब्द वॅटच्या पुढे लिहायचा. आमच्या ठाण्याच्या ग्रुपवर आम्ही हे सुरू केलंय. मीटरवाले आणि अंदाजवाले एका यादीत लावत नाही.

नवा_सायकलवाला | रविवार, रात्री ९:३०

प्रोफाइल बघितलं. सायकल रोड बाइकच होती आणि वजन ८ किलो भरलेलं. माझी हायब्रिड कॅरियर, मडगार्ड, स्टँड धरून किती भरेल? घरी वजनकाटा आहे पण सायकल त्यावर उभी राहत नाही.

वांद्रे_रेक्लमेशन | रविवार, रात्री ९:४५

सायकल हातात उचलून काट्यावर उभे राहा. मग सायकल ठेवून नुसते उभे राहा. फरक तेवढं सायकलचं वजन. ऑफिसची बॅग नेता ना, तिचंही असंच करा आणि सायकलच्याच वजनात मिळवा.